कॅमशाफ्ट बदलल्यावर आयडलिंगचा व्हॅक्यूम १८ वरून ११ इंचांवर : दोष बूस्टरचा की कॅमचा?

सायनचा एस्टीमवाला

नमस्कार. माझ्याकडे १.३ लीटरची जुनी पेट्रोल एस्टीम आहे. इंजिन उघडलेच आहे तर थोडी ताकद वाढवून घ्यावी, या मोहापायी मी तिला घासून घेतलेला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, म्हणजेच कॅम) बसवला. सोबतच्या चिठ्ठीवर इनटेक (मिश्रण आत घेणारा) व एक्झॉस्ट (जळालेला वायू सोडणारा) दोन्ही व्हॉल्व्हचा उघडे राहण्याचा कालावधी २७६ अंश आणि कॅमवरच्या दोन लोबांच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यांच्या) मध्यांतील कोन १०६ अंश, एवढेच लिहिलेले आहे. ४००० आरपीएमच्या पुढे गाडी सुरेख पळते. मात्र आयडलिंगला (इंजिन नुसते चालू, अॅक्सिलरेटरवर पाय नाही) व्हॅक्यूम गेजचा काटा, जो पूर्वी पाऱ्याच्या १८ इंचांवर स्थिर असे, तो आता १० ते १२ यांच्यामध्ये थरथरत राहतो आणि सायनहून दादरकडे रांगत येताना तिसऱ्या-चौथ्या ब्रेकला पेडल दगडासारखे लागते. एसी लावला की आणखीच. पुण्याच्या द्रुतगती मार्गावर मात्र हेच ब्रेक निर्दोष चालतात. गॅरेजवाले बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकच्या पेडलला जोर देणारा भाग) बदला म्हणतात. काय करावे?

जुना फिटर

खर्च करण्याआधी बूस्टर तपासून घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे.

माझा संशय कॅमवरच आहे. आपल्या आकड्यांवरून हिशेब करा : दोन्ही कालावधींची सरासरी २७६, त्यातून १०६ ची दुप्पट म्हणजे २१२ वजा केली की ६४ अंश उरतात. इतका वेळ इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीतला, जिथून बूस्टर व्हॅक्यूम घेतो) दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी, तर एक्झॉस्टकडचा जवळपास हवेइतकाच असतो. शिवाय इंजिन सावकाश फिरत असल्याने जळालेल्या वायूला मागे, इनटेककडे, शिरायला भरपूर अवधी मिळतो. त्यात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असल्यामुळे पिस्टन वर येताना थोडे मिश्रण मॅनिफोल्डमध्ये परत ढकलले जाते. मिश्रणात असा जळालेला वायू मिसळला की जळण कमजोर होते, इंजिन बंद पडू नये म्हणून थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) अधिक उघडावा लागतो, आणि थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम घसरतो. एसीचा भार आला की तो आणखी उघडतो. काट्याची थरथर ही या असमान जळणाचीच खूण आहे.

द्रुतगती मार्गावर आपण पाय उचलता तेव्हा थ्रॉटल मिटलेला आणि इंजिन वेगात असते, म्हणून बूस्टरला पुरेपूर व्हॅक्यूम मिळतो. सायनच्या कोंडीत इंजिन सतत आयडलिंगवर आणि ब्रेक पावलोपावली. ११ इंचांवर बूस्टर जास्तीत जास्त जी मदत देऊ शकतो, ती १८ इंचांवरच्या मदतीच्या साधारण ६० टक्के असते.

कुर्ल्याचा पार्टवाला

मध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह घालून व्हॅक्यूमची टाकी जोडा. स्वस्तात काम होते.

जुना फिटर

टाकी साठवते, निर्माण करत नाही. पाय उचलल्यावर मिळालेला जादा व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकांना पुरेल. रांगत्या गाडीत ती पुन्हा ११ इंचांनीच भरणार. डिझेल गाड्यांना थ्रॉटलचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून त्यांना वेगळा पंप देतात. हाच कॅम ठेवायचा असेल तर विजेवर चालणारा पंप बसवावा लागेल. आयडलिंग वाढवून दोष झाकू नका. तिढा तसाच राहतो आणि क्लच सोडताना गाडी पुढे उडी मारते.

त्याआधी कॅम फिरवणारा टायमिंग बेल्ट एक दात मागे बसलेला नाही ना, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) फार घट्ट नाहीत ना, आणि मॅनिफोल्डची गास्केट हवा ओढत नाही ना, हे पाहून घ्या. या तिन्ही गोष्टींनी व्हॅक्यूम पडतो.

सायनचा एस्टीमवाला

आभारी आहे. बूस्टर ठीक निघाला. बेल्ट मात्र खरोखरच एक दात मागे होता. तो सरळ केल्यावर काटा १३ च्या आसपास आला, पण थरथर गेली नाही. पीयूसीला हायड्रोकार्बन मर्यादेबाहेर गेले ते वेगळेच. आता २६४ अंशांचा आणि ११२ च्या कोनाचा कॅम घासून मागवला आहे. त्यात दोन्ही व्हॉल्व्ह ४० अंशच एकत्र उघडे राहतील. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते) मात्र आहे तेवढीच ठेवायला सांगितली आहे, कारण व्हॅक्यूमचे नुकसान लिफ्टने फारसे होत नाही.

जुना फिटर

योग्य निवड. बसवताना टायमिंगच्या खुणा स्वतः डोळ्यांनी पाहा.