क्लाइव्ह सुलिव्हन यांनी वेल्स सोडून रग्बी लीग का निवडली?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
आमच्या मराठी मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी मी रग्बीपटू क्लाइव्ह सुलिव्हन यांच्यावर लेख लिहीत आहे. १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या रग्बी लीग संघाचे कर्णधार झाल्यावर, कोणत्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले, एवढे सगळीकडे वाचायला मिळते. परंतु वेल्समध्ये रग्बी युनियनचे एवढे वेड असताना कार्डिफचा हा मुलगा इंग्लंडमधील हल शहरी जाऊन लीग का खेळू लागला?

उत्तर १ (ग्वाल्हेर)
युनियन आणि लीग हे रग्बीचे दोन वेगळे प्रकार आहेत. युनियनमध्ये १९९५ पर्यंत खेळाडूंना पैसे घेण्याची मनाई होती. उत्तर इंग्लंडचे क्लब १८९५ मध्ये वेगळे झाले आणि त्यातून लीग जन्मली, तेच मुळी सामन्यासाठी कामगारांची जी मजुरी बुडे तिची भरपाई द्यावी की नाही या वादातून. गरीब घरातील गुणी मुलासाठी लीग हा कमाईचा मार्ग होता आणि कृष्णवर्णीय मुलांना तर वेल्सच्या युनियन संघात निवड होण्याची फारशी आशाच नव्हती. कार्डिफचेच बिली बॉस्टन याच वाटेने १९५३ मध्ये उत्तर इंग्लंडमधील विगन या लीग क्लबकडे गेले होते.

उत्तर २ (इंदूर)
कर्णधारपदाचा मान मोठाच आहे, तरीही लेखाचा भर खेळावर असावा असे मला मनापासून वाटते. लहानपणी पायांवर शस्त्रक्रिया झालेला हा मुलगा १९६१ मध्ये हल क्लबच्या चाचणी सामन्यात उतरला आणि त्याने तीन ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे) केले. १९७२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना लियों येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला, तेव्हा सुलिव्हन यांनी जवळजवळ संपूर्ण मैदान धावत पार करून ट्राय केला. १०-१० अशी बरोबरी अतिरिक्त वेळेतही सुटली नाही आणि साखळीतील सरस कामगिरीमुळे चषक ब्रिटनला मिळाला. हा नियम वाचकांना अवश्य समजावून सांगावा, नाहीतर बरोबरीत सुटलेला सामना ब्रिटनने जिंकला कसा, असा प्रश्न पडेल.

उत्तर ३ (वडोदरा)
हल शहरात पश्चिमेकडे हल एफसी आणि पूर्वेकडे हल किंग्स्टन रोव्हर्स अशी हाडवैराची दोन घराणी आहेत. सुलिव्हन यांनी पहिल्यासाठी २५० आणि दुसऱ्यासाठी ११८ ट्राय केले. १९८० मध्ये वेम्बली येथील चॅलेंज कप या लीगच्या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेच दोन क्लब समोरासमोर आले, तेव्हा सुलिव्हन रोव्हर्सकडून खेळले आणि रोव्हर्सने १०-५ असा विजय मिळवला. तरीही १९८५ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा दोन्ही बाजूंना आपलाच माणूस गेल्याचे दुःख झाले. पुढे शहरात येणाऱ्या मुख्य रस्त्याला ‘क्लाइव्ह सुलिव्हन वे’ हे नाव देण्यात आले. माझ्या मते आपल्या लेखाचा गाभा हाच असावा.