हत्तीरोग: गोळ्या आम्ही गिळायच्या, डास कोण मारणार?

गावकूस:
हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई आल्या की आमच्या आळीत हमखास वाद होतो, म्हणून इथे विषय काढतोय. देशभर सामुदायिक औषधोपचार २००४ साली सुरू झाला. निर्मूलनाचं साल आधी २०१५ होतं, मग २०२० झालं, आता २०२७ आहे. धडधाकट माणसांनी डीईसी आणि अल्बेंडाझोल या जंतावरच्या गोळ्या खात राहायचं, आणि रोग पसरवणारा क्युलेक्स डास उघड्या गटारात नि संडासाच्या टाकीत मजेत वाढणार. गोळी नको म्हणणाऱ्याला समजवायला चार जण येतात. गटार तुंबवून ठेवणाऱ्या नगरपालिकेला कोण समजावतं? माझं म्हणणं सरळ आहे: पैसा आणि माणसं आधी डासांवर लावा.

रात्रपाळी:
"धडधाकट" म्हणताय तिथेच गोची आहे. हत्तीरोग होतो तो डासामार्फत अंगात शिरणाऱ्या जंतामुळे, आणि असा जंत असलेल्या बहुतेकांना बाहेरून काहीच दिसत नाही. पाय सुजतो तो कितीतरी वर्षांनी. तोवर रक्तातली पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्री डासाला आयती मिळतात. म्हणूनच रक्तनमुने रात्री घ्यावे लागतात (आणि त्या वेळी कोणी दार उघडत नाही, तो भाग वेगळा). मोठा जंत चार-सहा वर्षं जगतो. गोळ्यांनी पिल्लं मरतात, मोठ्या जंतावर असर अर्धवट. त्यामुळे तो मरेपर्यंत दरवर्षी डोस, आणि एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांच्या पोटात तो गेलाच पाहिजे. श्रीलंकेत हाच जंत, हाच डास. २००२ ते २००६ पाच फेऱ्या झाल्या, २०१६ला जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या काळात कोलंबोची गटारं काही कोरडी पडली नव्हती.

गावकूस:
श्रीलंकेची अर्धीच गोष्ट सांगितलीत. गॉलच्या किनारी भागात फेऱ्या संपल्यावर कित्येक वर्षांनीही संसर्ग रेंगाळलेला सापडला. गोळ्या थांबल्या, डास राहिले. उलट उदाहरण आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाचं. माकुंदुची गावात १९८०च्या दशकात डीईसी दिलं आणि सोबत संडासाच्या खड्ड्यांत थर्माकोलचे मणी ओतले. पाण्यावर मण्यांचा थर बसला की अळीला श्वास घेता येत नाही. तिथे डासही घटले आणि रोगही खालीच राहिला. शिवाय हा रोग एका चाव्याने होत नाही, शेकडो-हजारो चावे लागतात. चावे कमी केले की साखळी आपोआप ढिली पडते.

रात्रपाळी:
माकुंदुचीत गोळ्याही दिल्या होत्या, हे तुम्हीच लिहिलंय. ओल्या खड्ड्यांवर मणी टाकणं सोपं आहे. आपल्या शहरांतल्या मैलोन्‌मैल वाहत्या गटारांवर ते टिकतील का? पहिल्या पावसात वाहून जातील.

भंडारेवाली:
दोघंही मोठमोठं बोलताय. माझी मावशी आशा आहे. "आमच्यासमोर खा" असा आदेश असतो, बायका म्हणतात, "जेवण व्हायचंय, ठेवून जा." उपाशीपोटी द्यायच्या नाहीत, त्यामुळे तिचाही नाइलाज होतो. गोळ्या देवळीत पडून राहतात आणि कागदावर घर पूर्ण. एखाद्याला ताप आला, गरगरलं, की सगळी आळी बंद. खरं तर बहुतेकदा पिल्लं मरतात म्हणून अंगात असं होतं, पण हे आधी कोणी सांगत नाही. नंतर सांगितलं की सारवासारव वाटते.

ऊन_सावली:
नागपुरात २०१९ला आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळी आली. उंची मोजून देतात. तिघी मिळून पिल्लांचा सफाया जास्त काळ टिकतो, म्हणजे फेऱ्याही कमी लागतात. गावकूस यांची "किती वर्षं" ही तक्रार खरी असेल, तर त्यांनी उलट या मोहिमेच्या बाजूने उभं राहायला हवं.

खारट:
चीनने डीईसी मिठातून खाऊ घातलं आणि २००७ला निर्मूलनाची मान्यता मिळवली. तसं केलं तर दारोदार फिरायची भानगडच नाही.

रात्रपाळी:
आपल्याकडे गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं यांना वगळतात. एकाच बरणीतलं मीठ त्यांना कसं चुकवणार, याचं उत्तर आधी लोकांना द्यावं लागेल. इथे तर समोर दिलेल्या गोळीवरही विश्वास नाही.

सासुरवाशीण:
माझ्या सासूबाईंचा पाय सुजलेला आहे. आमच्या भावकीत गोळ्या न खाण्याचं कारण एकच: "त्यांनी खाल्ल्या, पाय कुठे उतरला?" गोळीने जुनी सूज जात नाही हे सांगायचं राहिलं, आणि तेच गावभर झालं. त्यांना फरक पडला तो रोज साबणाने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, चिखल्यांना मलम लावून. तापाचे झटके कमी झाले. मोहिमेच्या पिशवीत साबण-मलम आणि याच रोगाने होणाऱ्या अंडवृद्धीच्या ऑपरेशनची माहिती दिली, तर लोक दार तरी उघडतील. तुमचा गोळी-डास वाद मला यापुढे दुय्यम वाटतो.

गावकूस:
हे पटलं. मी गोळ्या खाईन, पण अट कायम: किती घरांत गोळ्या दिल्या त्याचा फलक लागतो, तसाच डास आत-बाहेर करू नयेत म्हणून संडासाच्या किती टाक्यांच्या गॅस पाइपला जाळी बसली त्याचाही वॉर्डात लागू दे. एका आकड्यावर आशाताईंना बोलणी बसतात, दुसरा आकडा कोणी विचारतच नाही.

खारट:
गॅस पाइपला जाळी कसली लावायची? आमच्याकडे साडीचा तुकडा बांधला होता, उन्हाने चिरला.

भंडारेवाली:
नायलॉनची बारीक जाळी घ्या, तारेने आवळा. पावसाळ्याआधी एकदा वर चढून बघायचं. आमच्याकडे ते कामही मावशीच सांगत फिरते, त्याचे वेगळे पैसे नाहीत.