१८ महिन्यांच्या तपासणीत ऑटिझमचा फॉर्म दिलाच नाही (अमेरिका)

अद्वैतची आई: मुलगा २१ महिन्यांचा आहे. हाक मारली तर वळत नाही, पण पलीकडच्या खोलीत आवडतं गाणं लागलं की धावत सुटतो. काही हवं असलं तर बोट दाखवत नाही, माझं मनगट धरून माझा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवतो. डॉक्टर म्हणाले, घरी मराठी, डेकेअरमध्ये इंग्लिश, म्हणून उशीर होतोय, थांबा. ऑफिसमधल्या गोऱ्या मैत्रिणीला मात्र तिच्या मुलाच्या वेळी प्रश्नांचा फॉर्म भरायला दिला होता. आम्हाला का नाही? मागितला तर आगाऊपणा वाटेल का?

मेधा (स्पीच थेरपिस्ट): ताई, अजिबात नाही. तो फॉर्म म्हणजे एम-चॅट, हो-नाही उत्तरांचे २० प्रश्न. १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाचं ऑटिझम स्क्रीनिंग व्हावं अशी इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीच शिफारस आहे. दोन भाषांमुळे मूल बोट दाखवायचं थांबत नाही. घरी मराठी बोलणं मुळीच बंद करू नका.

माझ्याकडे येणाऱ्या कृष्णवर्णीय आयांचं ऐकून जीव तुटतो. मूल दीड वर्षाचं असल्यापासून त्या सांगत असतात, आणि त्यांना ऐकवलं जातं, 'शिस्त लावा'. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८४ कृष्णवर्णीय मुलं होती. पालकांना पहिल्यांदा शंका आली तेव्हापासून निदान व्हायला सरासरी तीन वर्षांहून जास्त काळ गेला होता.

सुहास: पण सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२३ च्या अहवालात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांमधलं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आलंय ना? मग फरक मिटला म्हणायचा.

मेधा (स्पीच थेरपिस्ट): नोंद वाढली, याचा मला आनंदच आहे. पण त्याच अहवालात ऑटिझम असलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे निम्म्यांना बौद्धिक अक्षमताही होती, गोऱ्या मुलांमध्ये जेमतेम एक तृतीयांश. माझ्या मते याचा अर्थ असा, की ज्यांची लक्षणं ठळक नाहीत अशी कृष्णवर्णीय मुलं अजूनही निसटतात.

अद्वैतची आई: मग आता डॉक्टरांनी चिठ्ठी देईपर्यंत थांबायचं का?

मेधा (स्पीच थेरपिस्ट): नाही. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तुमच्या राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शनला, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांना मदत करणाऱ्या सरकारी सेवेला, तुम्ही स्वतः फोन करू शकता. चिठ्ठी लागत नाही, निदानही लागत नाही आणि तपासणी मोफत असते. दुभाषा हवा असेल तर फोनवरच सांगा. डॉक्टरांकडे एम-चॅट मागाल तो त्यांच्या ऑनलाइन पेशंट पोर्टलवर, लेखी. तोंडी मागणी विसरली जाते.