गणितवालीचा एच-इंडेक्स ९, बायोवाल्याचा ३१, तुलना करायची तरी कशी?

अर्धविराम:
मंडळी, एका कामात अडकलोय, म्हणजे अडकवलंय मला. एकाच फेलोशिपसाठी सगळ्या विषयांतले अर्ज एकत्र आलेत आणि छाननी समितीत सगळ्यात ज्युनियर मीच, त्यामुळे तक्ता करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. आता शेवटी दोन नावं उरलीत. एक प्युअर मॅथ्सवाली, पीएचडीनंतर ११ वर्षं, १६ पेपर, एच-इंडेक्स ९ (म्हणजे तिच्या ९ पेपरांना प्रत्येकी किमान ९ सायटेशन्स, दुसऱ्या पेपरांत तेवढ्या वेळा संदर्भ दिलेला). दुसरा मॉलिक्युलर बायोलॉजीवाला, वर्षं तेवढीच, ७० पेपर, एच-इंडेक्स ३१. समितीतले एक सर तक्ता बघून लगेच म्हणाले, तिपटीपेक्षा जास्त फरक आहे, मग चर्चा कशाला? मला ते पटलं नाही पण उलट बोलायला हातात काही नव्हतं, गप्प बसलो. घरी येऊन विचार केला की बायोचा एच-इंडेक्स तीननं भागला तर? असा काही ठरलेला रेट असतो का विषयाविषयांतला? जर्नलचा इंपॅक्ट फॅक्टर (म्हणजे त्यातल्या पेपरला सरासरी किती सायटेशन्स पडतात) पण बघितला, त्यात तर गणिताची चांगली चांगली जर्नलं पार तळाला दिसतात. कोणी हे काम केलेलं असेल तर सांगा प्लीज, माझं स्वतःचं फील्ड कॉम्प्युटर सायन्स आहे, तिथे कॉन्फरन्सच सगळं काही, त्यामुळे माझा अंदाज दोन्हीकडे चालत नाही.

प्रमेयवेडी:
रेट वगैरे काही नसतो हो, आणि तीननं भागू तर नकाच. एच-इंडेक्स काढला होर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं, २००५ साली, आणि विषय बदलला की आकडा बदलतो हे त्यानं त्याच पेपरात सांगून ठेवलंय. त्याच्या यादीत फिजिक्समध्ये सगळ्यात वर विटन ११० वर होते आणि लाइफ सायन्सेसमध्ये स्नायडर १९१ वर. म्हणून काय स्नायडर विटनपेक्षा जवळपास दुप्पट मोठे झाले? आपल्याकडे मात्र पेपर कोणी वाचत नाही, आकडा तेवढा उचलतात.

गणितात काय होतं ते सांगते, मी त्यातलीच. एका पेपराला दोन-तीन वर्षं सहज जातात, मग रेफरीकडे, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्याकडे, अजून वर्ष दीड वर्ष, आणि शेवटी संदर्भयादी पंधरा-वीस नोंदींची. बायोच्या पेपरात तीच यादी पन्नास-साठची असते, म्हणजे मुळात वाटायला सायटेशन्सच तिकडे जास्त आहेत आणि पेपर लिहिणारी माणसंही कितीतरी जास्त. शिवाय आमच्याकडे पेपर दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा आरामात साइट होतो, आणि नेहमीचा इंपॅक्ट फॅक्टर मोजतो फक्त मागच्या दोन वर्षांतले पेपर, मग जर्नलं तळाला दिसणारच ना. मॅथसायनेट ह्या गणिताच्या डेटाबेसनं म्हणून स्वतःचं माप काढलंय, ते पाच वर्षांचं धरतं. एक अजून, आमच्यात लेखकांची नावं आडनावाच्या क्रमानं लागतात, त्यामुळे ती किती पेपरांत फर्स्ट ऑथर आहे हा कॉलम तक्त्यात असेल तर आधी तो उडवा.

आणि एच-इंडेक्स पेपरांच्या संख्येच्या वर जाऊच शकत नाही हे त्या सरांना सांगा, १६ पेपरवाली बाई ३१ वर पोचणार कशी? पेरेलमननं पॉइन्कारे कंजेक्चर हा गणितातला प्रसिद्ध प्रश्न सोडवला तो २००२-०३ मध्ये आर्काइव्ह ह्या साइटवर तीन प्रीप्रिंट (जर्नलमध्ये न छापलेले पेपर) टाकून, जर्नलला पाठवलेच नाहीत. तुमच्या तक्त्यात त्या कामाचा रकाना रिकामाच राहिला असता.

तळटीप:
मी लायब्ररीत हेच काम करतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

माणसाचा आकडा माणसाशी लावायचाच नाही. प्रत्येक पेपर सुटा घ्यायचा आणि त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांशी लावायचा. प्रकार अशासाठी की रिव्ह्यू आर्टिकलला (म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखाला) साध्या पेपरपेक्षा खूप जास्त सायटेशन्स पडतात, ते वेगळं काढलं नाही तर रिव्ह्यू लिहिणारा फुकट वर जातो. समजा (आकडे मनचे आहेत) गणितातल्या २०१७ च्या पेपरला १२ सायटेशन्स आणि त्या वर्षीची तिथली सरासरी ६, तर झालं २. बायोच्या पेपरला ६० आणि तिथली सरासरी ४०, तर दीड. बारावाला साठवाल्याच्या पुढे गेला. स्कोपस ह्या पेपरांच्या डेटाबेसमध्ये ह्यालाच एफडब्ल्यूसीआय म्हणतात, वेब ऑफ सायन्स ह्या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांच्या इनसाइट्समध्ये सीएनसीआय, दोन्हीकडे १ म्हणजे जगाची सरासरी. हे हवेतलं नाहीये, राडिकी, फोर्तुनातो आणि कास्तेलानो ह्या तिघांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की सायटेशन्सना विषयाच्या सरासरीनं भागलं की वेगवेगळ्या विषयांचे वक्र जवळजवळ एकमेकांवर बसतात.

पण ह्या सरासरीत गोची आहे. सायटेशन्सचं वाटप इतकं एकांगी असतं की एकच पेपर सगळं फिरवून टाकतो. आक्टा क्रिस्टलोग्राफिका ए ह्या जर्नलचा इंपॅक्ट फॅक्टर साधारण २ होता, तो २००९ मध्ये एकदम ५० च्या घरात गेला, कारण काय तर शेल्ड्रिकचा शेलएक्स सॉफ्टवेअरवरचा २००८ चा एक पेपर, ते सॉफ्टवेअर वापरणारा प्रत्येक जण तो साइट करत होता. जर्नलचं हे होतं तर १६ पेपरवाल्या माणसाचं काय होईल बघा. म्हणून मी सरासरी सोडून पर्सेंटाइल वापरतो, म्हणजे आपापल्या विषयात आणि वर्षात वरच्या १० टक्क्यांत तिचे किती पेपर आणि त्याचे किती. स्कोपसमध्ये प्रत्येक पेपराच्या पानावर पर्सेंटाइल दिसतो, बसून ८६ पेपर बघायला एक दुपार जाईल फार तर.

गूगल स्कॉलरवरून मात्र काही करू नका, तिथे थिसिस, स्लाइड्स, काय वाट्टेल ते मोजलं जातं. २०१० मध्ये सिरिल लाबे ह्यांनी आइक अँटकारे नावाचा अस्तित्वातच नसलेला संशोधक तयार केला, मशीननं बनवलेले पेपर टाकले आणि त्याचा एच-इंडेक्स ९४ करून दाखवला.

लॅबमधला उंदीर:
बायोवाल्याची बाजू कोणी घेणार आहे का नाही 😀

तळटीप यांची पद्धत चांगलीच आहे पण मला त्यात एक खटकतं. प्रत्येक विषयाची सरासरी १ धरली की प्रत्येक विषय सारखाच भारी हे तुम्ही आधीच मान्य करून टाकलं, आकड्यांनी ते सिद्ध नाही केलं. एखाद्या कोपऱ्यातल्या विषयात फारसं काही घडतच नसेल तरी तिथल्या बऱ्या माणसाला २ मिळतात, वासरांत लंगडी गाय शहाणी. आणि विषय ठरवतो कोण? पेपर वाचून कोणी ठरवत नाही, जर्नल ज्या कॅटेगरीत तो पेपर त्या कॅटेगरीत, बस. स्कोपसमध्ये अशा कॅटेगऱ्या तीनशेच्या वर आहेत. माझी एक मैत्रीण स्टॅटिस्टिक्सवाली, तिनं एक मेथड पेपर मेडिकलच्या जर्नलला दिला तर तिची तुलना थेट डॉक्टर लोकांशी झाली आणि तोच पेपर एकदम सुमार ठरला. तोच स्टॅट्सच्या जर्नलला दिला असता तर स्टार. अमेरिकेत एनआयएच ह्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं आरसीआर नावाचं माप काढलंय त्यात हे बरंच सुटतं, कारण तुमच्या पेपरबरोबर जे पेपर साइट होतात त्यांच्यावरून विषय ठरतो, पण ते पबमेड ह्या मेडिकल-बायोच्या डेटाबेसमधल्या पेपरांपुरतं, म्हणजे त्या गणितवाल्या मॅडमना काही उपयोग नाही.

आणि आमच्याकडच्या ७० पेपरांना हसू नका. लॅबमध्ये माणूस आठ जणांच्या पेपरात मधे कुठेतरी असतो, कधी खरंच वर्षभर राबलेला असतो तर कधी नुसता अँटिबॉडी दिलेला असतो, आकड्याला दोन्ही सारखेच. शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं. त्यामुळे त्याच्या बाबतीत पहिलं नाव आणि शेवटचं नाव किती हे बघाच, तिच्या बाबतीत तोच कॉलम उडवा असं प्रमेयवेडी म्हणाल्या ते पण बरोबर. फिजिक्सवाल्यांचं तर बोलायलाच नको, २०१५ चा हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा पेपर होता त्याला ५,१५४ लेखक होते.

प्रमेयवेडी:
@लॅबमधला उंदीर, लंगडी गाय वाचून राग आला होता पण मुद्दा खरा आहे 😄 आमच्यात पण तेच, कॉम्बिनेटोरिक्सचा पेपर जनरल मॅथ्सच्या खोक्यात पडला की वेगळा दिसतो आणि डिस्क्रीट मॅथ्सच्या खोक्यात वेगळा. अर्धविराम, दोन्ही खोक्यांत टाकून बघा, निकाल उलटला तर समजायचं की त्या आकड्यात तेवढा दम नाही.

तळटीप:
हो, हे मी लिहायला हवं होतं. आणि विषयाचं नॉर्मलायझेशन, म्हणजे त्या विषयाच्या पेपरांशीच तुलना करणं, लेखकांची गर्दी काढत नाही, त्याला हवं तर फ्रॅक्शनल मोजणी करा, आठ लेखक तर प्रत्येकाला एक अष्टमांश. सेल्फ सायटेशन्स (स्वतःच स्वतःच्या पेपरांना दिलेले संदर्भ) पण वगळून एकदा बघा, स्कोपसमध्ये एक टिक करायची असते. एवढं करून मग दोघांकडून स्वतः निवडलेले पाच-पाच पेपर मागवा आणि त्या त्या विषयाच्या माणसाला वाचायला द्या. सॅन फ्रान्सिस्को डिक्लरेशन, म्हणजे ज्याला सगळे डोरा म्हणतात, ते २०१२ पासून हेच सांगतंय की जर्नलच्या आकड्यावरून माणूस तोलू नका. तुमच्या संस्थेनं त्यावर सही केलीय का बघा, केली असेल तर सरांना तेवढंच दाखवा.

अर्धविराम:
सगळ्यांचे आभार, खरंच. शनिवार-रविवार घालवला ह्यात. तिच्या १६ पैकी ४ पेपर वरच्या १० टक्क्यांत, म्हणजे २५ टक्के. त्याचे ७० पैकी ९, म्हणजे साधारण १३ टक्के, पण त्या ९ पैकी फक्त दोनात त्याचं नाव पहिलं आहे, बाकी सगळीकडे मधे कुठेतरी. खोकं बदलून बघितलं तर तिचा एक पेपर बाहेर पडतो, ४ चे ३ होतात. चार पेपरांवर टक्केवारी काढणं हेच मला आता विचित्र वाटायला लागलंय. पाच-पाच पेपर मागवायचं समितीनं मान्य केलं, वाचायला बाहेरची दोन माणसंही मिळाली.

फक्त काल सरांना नवा तक्ता दाखवला तर चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, अरे हिचे २५ आणि ह्याचे १३, जवळपास दुप्पट फरक आहे, मग आता चर्चा कशाला?