परग्रहवासीयांना अणुबॉम्बचा धाक बसेल का?

गोष्टीवेल्हाळ:
दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतली आणि मध्येच गाडं अडलं. काळ १९६२. चार वर्षांपूर्वी परग्रहावरून तीसेक जहाजं आली आणि ॲमेझॉन व काँगोची खोरी बळकावून बसली (त्यांना दमट हवा मानवते). बाकीचं जग अमेरिका, रशिया, ब्रिटन वगैरेंकडे. मला युद्ध नकोय, परस्परांच्या भीतीवर टिकलेला तह दाखवायचाय. मेहुण्याने खर्डा वाचला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "त्यांची जहाजं वर आकाशात, तुम्ही खाली. अंगणातला माणूस गच्चीवरच्याला दगडाचा धाक दाखवतोय होय?" तेव्हापासून एक ओळ सरकलेली नाही.

पाणतीर:
पाणबुड्या घ्या की. 'जॉर्ज वॉशिंग्टन' ही पाणबुडी नोव्हेंबर १९६० मध्ये १६ पोलारिस क्षेपणास्त्रं घेऊन पहिल्या गस्तीवर गेली. जमिनीवरचे तळ वरून टिपता येतील, पाण्याखालचं काय टिपणार? पल्ला २२०० किमीच्या आसपास, म्हणजे काँगोसाठी गिनीच्या आखातात शिरावं लागेल.

जुने मास्तर:
मेहुणा हुशार आहे, पण एक विचारायला विसरला. गच्चीवरच्याला अंगणच हवं असेल तर?

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि पोरांना दर वर्षी हेच सांगितलं: धाक बॉम्बच्या आकाराने बसत नाही, समोरच्याला काय गमावणं परवडत नाही त्यावर बसतो. तुमच्या पाहुण्यांना जमीन हवी आहे. मग ती नासवण्याची धमकी द्या. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी फेब्रुवारी १९५० मध्ये रेडिओवरच्या एका चर्चेत कोबाल्ट बॉम्बची कल्पना मांडली होती. धोक्याचा इशारा म्हणून हं, करा असं म्हणून नव्हे. बॉम्बभोवती साधा कोबाल्ट धातू गुंडाळायचा, स्फोटातले न्यूट्रॉन शोषून त्याचा किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० होतो, आणि तो धुळीबरोबर पसरतो. आपल्याकडे याला स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात.

पण यात एक भोक आहे. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं. असे दहा अर्धायुकाल, म्हणजे साधारण ५३ वर्षं गेली की हजारातला एक भाग उरतो. सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने आले तरी त्यांनी चाळीसेक वर्षं प्रवास केलाय. ज्याने एवढी वाट तुडवली, तो अजून ५३ वर्षं वर बसून राहील! शीतयुद्धातल्या कुठल्याच पक्षाकडे इतका धीर नव्हता, त्यामुळे तिथले हिशेब इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

म्हणून मी असतो तर फ्रेंचांकडे बघितलं असतं. त्यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये सहारात पहिली चाचणी केली. रशियाशी बरोबरी होणं शक्यच नव्हतं. त्यांचे अध्यक्ष द गॉल यांचं गणित एवढंच की, फ्रान्स गिळून जे मिळेल त्याहून जास्त तुमचं नुकसान आम्ही करू. तुमच्या पाहुण्यांकडे तीस जहाजं, आणि मदत मागितली तर निरोप पोचायलाच चार वर्षं. एकेक जहाज म्हणजे एकुलता एक मुलगा. आणि त्यांना इजा करायला नेमही लागत नाही. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने जॉन्स्टन बेटावरून थॉर रॉकेटने १.४ मेगाटनचा बॉम्ब ४०० किमी उंचीवर फोडला. जवळपास १४५० किमीवरच्या होनोलुलूत रस्त्यावरचे दिवे गेले, आणि अवकाशात अडकलेल्या किरणोत्सर्गाने पुढच्या काही महिन्यांत अनेक उपग्रह निकामी केले. म्हणजे गच्चीच तापवता येते. मेहुण्याला सांगा.

शंकेखोर:
बॉम्ब ठीक, पण धमकी पोचवणार कशी? त्याच वर्षी क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांच्या पेचात मॉस्को-वॉशिंग्टन निरोपाला तासन्‌तास लागत होते. शेवटी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी उत्तर मॉस्को रेडिओवरून जाहीर केलं. दोन राजधान्यांमधली थेट हॉटलाइन आली ती ऑगस्ट १९६३ मध्ये, तीही टेलिप्रिंटरची. माणसामाणसांत ही गत. शिवाय बॉम्ब रशियाने टाकला की ब्रिटनने हे वरच्याला कळणार कसं? तो तिघांनाही झोडपेल. म्हणजे तिघांनी आधी एकमेकांना धाकात ठेवायला हवं. तुमची खरी कथा तिथे आहे असं मला वाटतं.

आणि मास्तर, कोबाल्ट आणणार कुठून? तेव्हा जगातला मोठा साठा कटांगात. हिरोशिमाच्या बॉम्बसाठीचं बरंचसं युरेनियमही तिथल्याच शिंकोलोब्वेच्या खाणीतून आलं होतं. कटांगा काँगोत, आणि काँगो लेखकमहाशयांनी पहिल्याच परिच्छेदात पाहुण्यांना देऊन टाकलाय.

गोष्टीवेल्हाळ:
अरे देवा. नकाशा बघून लिहायला हवं होतं. काँगो परत घेतो, त्यांना ॲमेझॉन पुरे. कोबाल्टचं प्रकरण मास्तर ठेवलं, पण रशियन सेनापतीच्या तोंडी घातलं, आणि ५३ वर्षांचा हिशेब पाहुण्यांच्या दूताच्या. मेहुण्याला दोन्ही पानं पाठवलीत. त्याचं उत्तर आत्ताच आलं: "दूत कुठल्या भाषेत बोलतोय?"