जेट-स्की फुल थ्रॉटलला तापते, नळाला लावली की व्यवस्थित चालते. नक्की कुठे बघायचं?

देवबागवाला
नमस्कार मंडळी, थेट विचारतो कारण घाई आहे. देवबागला आमच्या पोरांच्या ग्रुपकडे एक सेकंडहँड जेट-स्की आहे, जपानी, चार स्ट्रोक तीन सिलिंडर, पर्यटकांच्या राइडला वापरतो. सध्या असं होतंय की हळू चालवली तर काही नाही, पण संगमाच्या बाहेर मोकळ्या पाण्यात फुल थ्रॉटल दिला की थोड्या वेळात बीप बीप सुरू होतं, डिस्प्लेवर लाइट लागतो आणि इंजिनचा जोर आपोआप पडतो, मग कितीही पिळा तीन हजाराच्या वर आरपीएम जातच नाही. थोडा वेळ बंद ठेवली की परत ठीक, परत जोर दिला की परत तेच. बाजूच्या भोकातून पाण्याची पिचकारी येते ती येते पण बारीक. संध्याकाळी नळाची नळी लावून फ्लश करतो तेव्हा मात्र तीच पिचकारी एकदम जोरात येते आणि तापायचं नावच नाही.

आमचा मेकॅनिक आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ती इंजिनं) कामं करतो, हात चांगला आहे त्याचा, तो म्हणतोय सेन्सर गेलाय नाहीतर थर्मोस्टॅट, बदलून टाकू. पार्ट बाहेरून मागवावा लागणार आणि सुट्टीची गर्दी तर सुरू झाली. मागवू का? आणि तोपर्यंत सेन्सरची वायर काढून चालवली तर चालेल का? मागे बसणारी माणसं अनोळखी, लहान मुलं पण असतात, म्हणून मनाला पटत नाही, पण मशीन उभी ठेवणं पण परवडत नाही.

रेवदंडा_मरीन
भाऊ वायर काढू नका, काही झालं तरी. इंजिन स्वतःहून तीन हजारावर येतं ते बिघाड म्हणून नाही, ते स्वतःला वाचवण्यासाठी येतं. वायर काढलीत तर ते जोरात पळत राहील आणि पहिल्यांदा एक्झॉस्टच्या रबरी नळ्या जळतील. या मशीनमध्ये एक्झॉस्टच्या गरम धुरात थंड करायला पाणी सोडलेलं असतं, त्या पाण्यावरच रबर आणि प्लॅस्टिकचे भाग टिकून असतात. पाणी कमी पडलं की नळी वितळते, मग धूर आणि पाणी दोन्ही थेट इंजिनच्या खोलीत, आणि तुम्ही संगमाच्या बाहेर लहान मूल मागे घेऊन. त्यामुळे दुरुस्त होईपर्यंत ही मशीन राइडला काढू नका, अगदी हळू चालवायची म्हटली तरी नको.

आता मुद्द्याचं. आधी लाइट कोणता लागतो ते नीट बघा, थर्मामीटरसारखं चिन्ह आहे की ऑइलच्या किटलीचं? कारण ऑइल प्रेशर कमी झालं तरी बऱ्याच मशीन अशाच आरपीएम दाबतात आणि लोक तापली तापली म्हणून पाण्याच्या मागे लागतात. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच तपासा, मशीन सपाट ठेवून.

थर्मामीटरचं चिन्ह असेल तर माझं मत सेन्सर नाही. तुम्हीच उत्तर लिहिलंय बघा. सेन्सर खराब असता तर त्याला समुद्र काय आणि नळ काय, आणि सेन्सरमुळे पिचकारी बारीक होत नाही. पिचकारी बारीक म्हणजे पाणी खरोखर कमी जातंय. आणि नळाच्या प्रेशरने तीच पिचकारी जोरात येते म्हणजे फ्लशचं कनेक्शन जिथे जोडलंय तिथून पुढे, म्हणजे इंजिनच्या आतला रस्ता बहुतेक मोकळा आहे. राहिला अलीकडचा भाग: जेट पंप, त्याची जाळी आणि तिथून वर येणारी नळी.

तुमच्या मेकॅनिकचा दोष नाही यात. आउटबोर्डला लेगमध्ये, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, पाण्याचा वेगळा पंप असतो, रबरी पंखा असतो, तो झिजला की बदलायचा, ती सवय हाताला बसलेली असते. जेट-स्कीला असा वेगळा पंपच नाही. यामाहा आणि कावासाकी दोन्ही ओपन लूप, म्हणजे जो जेट पंप मशीनला पुढे ढकलतो त्याच्याच प्रेशरमधून थोडं पाणी उचलून इंजिन आणि एक्झॉस्टमध्ये फिरवतात आणि परत समुद्रात सोडतात. म्हणून इम्पेलर, म्हणजे जेट पंपातला फिरणारा पंखा, झिजला की वेग पण जातो आणि कूलिंग पण जातं, दोन्ही एकदम. हे एक विचारतो: आरपीएम नेहमीएवढा चढतो पण वेग पहिल्यासारखा येत नाही, उचल घेताना घसरल्यासारखी वाटते, असं होतंय का?

आयडलला पिचकारी बारीक असेल तर घाबरू नका, तेव्हा पंपाचं प्रेशरच कमी असतं, आणि सुरू केल्यावर पाणी तिथपर्यंत पोचायला मिनिटभर लागू शकतं. जोरात चालताना बारीक असणं हे लक्षण.

देवबागवाला
दादा एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. लाइट थर्मामीटरचाच आहे, ऑइल बघितलं, लेव्हल बरोबर. आणि हो, उचल कमी झालीय, आम्हाला वाटलं माणसं जड बसतात म्हणून. उद्या सकाळी पंप उघडतो. काय काय बघू?

नागाव_बीच_राइड्स
दादांनी मुद्द्याचं सांगितलं, मी फक्त किनाऱ्यावरचं सांगते कारण आमचा धंदा पण हाच आणि नागावला पण वाळूचाच त्रास.

पंप उघडायच्या आधी किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणारं बटण) दोरी काढून खिशात ठेवा, दोरी खिशात असल्याशिवाय कोणीही जाळीत हात घालायचा नाही, आमच्याकडे हा नियम अगदी कडक आहे. मग मशीन ट्रेलरवर घेऊन खालून टॉर्च मारा. इनटेकच्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ, दोरीचा तुकडा अडकलेला नेहमी सापडतो. नायलॉनचा धागा असेल तर तो शाफ्टला इतका घट्ट गुंडाळलेला असतो की दिसत पण नाही, शाफ्टचाच भाग वाटतो, बोट फिरवून बघा. मग इम्पेलरच्या पात्यांच्या कडा बघा, दगड किंवा शिंपले जाऊन कडा दातेरी झाल्या असतील तर पंप पाणी नीट पकडत नाही. पातं आणि भोवतालची वेअर रिंग यांच्यात किती फट आहे ते फीलर गेजने मोजा आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधली लिमिट बघा, डोळ्याने अंदाज घेऊ नका.

आणि मुख्य म्हणजे कूलिंगचं पाणी ज्या छोट्या जाळीतून उचललं जातं ती जाळी. ती बाहेरून दिसत नाही, बहुतेक मॉडेलला राइड प्लेट, म्हणजे तळाची मागची प्लेट, खोलावी लागते. वाळू तिथे जाऊन बसते. मोठी जाळी स्वच्छ दिसते म्हणून लोक तिथेच थांबतात आणि ही छोटी राहून जाते.

माझा प्रश्न असा की तुम्ही राइड सुरू कुठून करता? ओहोटीला त्या वाळूच्या पट्ट्यावरून गुडघाभर पाण्यातून मारत असाल तर कितीही साफ करा, पुढच्या आठवड्यात परत भरेल.

देवबागवाला
मंडळी, राइड प्लेट खोलली. जाळी जवळजवळ अर्ध्याच्या वर वाळूने भरलेली, ओली वाळू दाबून बसवल्यासारखी, वर जाळ्याचा नायलॉनचा धागा. ताईंनी सांगितलं तसाच शाफ्टवर पण धागा निघाला. इम्पेलरच्या दोन पात्यांच्या कडा खाल्लेल्या आहेत आणि फट लिमिटच्या बाहेर गेलीय. जाळी साफ करून, धागा काढून ट्रायल घेतली, पर्यटक न घेता, किनाऱ्याच्या जवळ. पिचकारी आता जाड आहे, बीप आला नाही, पण उचल अजून पहिल्यासारखी नाही, म्हणून इम्पेलर दुरुस्तीला आणि नवीन वेअर रिंग मागवायचं ठरवलंय. मेकॅनिकला पण दाखवलं सगळं, तो स्वतः बसून बघत होता.

सुरुवात कुठून करतो विचारलंत ताई, तर खरंच ओहोटीला पट्ट्यावरूनच करतो, लोकांना खोल पाण्यात चढायची भीती वाटते.

नागाव_बीच_राइड्स
चढवायला पट्ट्यावरून चढवा ना, हरकत नाही, फक्त इंजिन तिथे चालू करू नका. एक पोरगा मशीन धरून ढकलत कमरेएवढ्या पाण्यात नेतो आणि मग चालू करायची. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये तळाखाली कमीत कमी ६० सेंटिमीटर पाणी सांगितलंय आणि सी-डू कंपनीवाले ९० सांगतात. आणि हे तळाखाली बरं का, तुमच्या पायाशी नाही, दोन-तीन माणसं बसली की मशीन खाली बसते ते धरून. चालू करायच्या आधी मशीन दोन्ही बाजूंना हलवून घ्या म्हणजे जाळीत बसलेली वाळू खाली पडते. परत येताना पण इंजिन खोल पाण्यातच बंद करून तरंगत किनाऱ्याला आणायची, वाळूवर चढवून मग बंद करायची नाही. पोरांना स्टाइल मारायला तसं आवडतं पण सगळ्यात जास्त वाळू तेव्हाच आत जाते.

आणि जिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढतात तिथून लांब राहा. जाळ्याचं नुकसान होतं ते वेगळंच, आणि ते नुकसान आपल्याच माणसांचं असतं.

म्हापसेकर
गोव्यातून लिहितोय. चर्चा चांगली झालीय म्हणून सी-डूवाल्यांसाठी भर घालतो, कारण तिथे गणित वेगळं आहे आणि हे वाचून कोणी नुसती जाळी साफ करत बसेल. सी-डूच्या चार स्ट्रोक मशीनमध्ये इंजिनचं कूलिंग क्लोज्ड लूप असतं, गाडीसारखं कूलंट, आणि रेडिएटरच्या जागी खालची राइड प्लेट. कूलंट त्या प्लेटमधून फिरतं आणि समुद्राचं पाणी प्लेटला बाहेरून थंड करतं. त्यामुळे इंजिनच्या आत खारं पाणी जातच नाही, हा मोठा फायदा. पण एक्झॉस्ट तिथेही समुद्राच्याच पाण्यावर थंड होतो, म्हणून फ्लश करायचं ते करायचंच. अशी मशीन तापली तर आधी कूलंटची लेव्हल बघा, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा, गरम असताना उघडलं तर तोंडावर उडेल. लेव्हल कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका, गळतंय कुठे ते शोधा, आणि विहिरीचं पाणी घालू नका, कंपनीने सांगितलेलंच कूलंट घाला. कूलंट नवीन भरल्यावर आत हवा अडकली तरी तापते.

अजून एक, क्लोज्ड लूप आहे म्हणून जमिनीवर बिनधास्त चालवता येते हा गैरसमज आहे. पाण्याबाहेर प्लेटला थंड करायला काहीच नसतं आणि शाफ्टच्या सीलला पण पाणी मिळत नाही. कंपनी जास्तीत जास्त २ मिनिटं म्हणते.

रेवदंडा_मरीन
जाळी सापडली हे वाचून खूप बरं वाटलं. इम्पेलर आणि रिंग येईपर्यंत थांबताय हेही चांगलं करताय, कारण फट लिमिटबाहेर असताना पर्यटक घेऊन जोर दिलात की पाणी परत कमी पडेल.

आता फ्लशचं सांगतो, कारण इंजिनं तापून जातात त्याहून जास्त फ्लश करताना जातात असा माझा अनुभव आहे. क्रम डोक्यात पक्का बसवा: आधी इंजिन चालू, मग लगेच पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टमध्ये साठतं, धुराचा जोर नसल्यामुळे बाहेर पडत नाही आणि उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. मग स्टार्टर मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याशिवाय १५ सेकंदांच्या वर चालवायची नाही, म्हणून नळावर एक माणूस आणि हँडलवर एक, एकट्याने धावपळ करू नका. आयडलला ३ मिनिटं पुरतात, नळ बंद केल्यावर १०-१५ सेकंद थ्रॉटल हलके हलके देऊन आतलं पाणी उडवून टाकायचं आणि बंद.

पाणी कसलं वापरता ते पण बघा. एप्रिल-मे मध्ये खाडीकाठच्या बऱ्याच विहिरी मचूळ होतात, त्या पाण्याने फ्लश करून मिठावर मीठच चढतं. चव घेऊन बघा, मचूळ लागलं तर गोड्या पाण्याची टाकी भरून ठेवा. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, महिनोन्महिने मशीन उभी राहते, तेव्हा आत राहिलेलं खारं पाणी सुकून मीठ धरतं आणि पुढच्या सीझनला पहिल्याच दिवशी तापली म्हणून फोन येतात. शेवटच्या राइडनंतरचा फ्लश सगळ्यात नीट झाला पाहिजे, क्लॅम्प आणि नळ्या पण त्याच वेळी बघून घ्यायच्या, गंजलेले क्लॅम्प बदलून स्टेनलेसचे टाका. आणि तापलेल्या इंजिनवर लगेच नळाचं थंड पाणी सोडू नका, आधी आपोआप निवू द्या.

आणि हे राहिलंच. मशीन समुद्रात बंद पडली आणि दुसऱ्या बोटीने ओढून आणायची वेळ आली तर ताशी ८ किमीच्या वेगाच्या वर ओढू नका. ओपन लूपवाली वेगात ओढली की पंपातून पाणी जोराने वर चढतं, इंजिन बंद असतं त्यामुळे बाहेर जायला जागा नसते, आणि एक्झॉस्टमार्गे इंजिनमध्ये भरतं. लांबून आणायची असेल तर सीट उघडून कूलिंगची मुख्य नळी क्लॅम्पने दाबून बंद करा, एक क्लॅम्प कायम मशीनच्या बॉक्समध्येच ठेवा. कोणती नळी ते आज किनाऱ्यावर निवांत असतानाच बघून तिला लाल टेप गुंडाळून ठेवा, लाटांवर हलत असताना शोधता येत नाही. आणि किनाऱ्यावर आल्यावर चालू करायच्या आधी क्लॅम्प काढायचा, नाहीतर पाण्याचा रस्ता बंदच राहील आणि इंजिन कोरडं चालेल.