सेमी-ऑटो रायफल: साठात तीन काडतुसं अडकली, तीही न उडालेली. चूक कुठे शोधू?

टूलरूमवाला

मंडळी, नमस्कार. मी मूळचा चिंचवडचा. बारा वर्षं टूलरूममध्ये काढली आणि आता मिशिगनमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी एआर-१५ पद्धतीची रायफल घेतली, परवाना-कागद सगळं रीतसर. रविवारी कागदावर भोकं पाडायची, एवढाच नाद. बाजारातली काडतुसं महाग पडतात म्हणून या हिवाळ्यात बेसमेंटमध्ये प्रेस बसवला आणि .२२३ची काडतुसं स्वतः भरायला घेतली. (दारू भरतोय असं आईला फोनवर सांगितलं, तर दोन दिवस बोलली नाही.)

पहिली दोनशे तयार केली आणि साठ घेऊन रेंजवर गेलो. सतरावं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) गेलं, ती मागून बंद करणारा बोल्ट पुढे गेला, पण घोडा दाबल्यावर काहीच नाही. बोल्ट मागे घ्यायचं चार्जिंग हँडल ओढलं तर जागचं हलेना. दोन्ही हातांनी ओढलं तरी वेल्डिंग केल्यासारखं घट्ट. रेंजवरच्या माणसाला बोलावलं. त्याने नळी टार्गेटकडेच ठेवायला लावली, शेजारच्या दोघांना मागे घेतलं आणि दस्ता बाकावरच्या रबरी मॅटवर आपटत हँडल ओढलं. दुसऱ्या दणक्याला काडतूस बाहेर पडलं. अख्खं, गोळीसकट. प्रायमरवर (बुडाशी असलेली, पिनच्या ठोक्याने पेटणारी टिकली) मात्र टाचणी टोचल्यासारखा बारीक खड्डा. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवशी साठात तीन वेळा हाच प्रकार झाला.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. एक्स्ट्रॅक्टर (काडतुसाची कड धरून बाहेर ओढणारा आकडा) आणि त्याची स्प्रिंग बदलली, फरक नाही. बाजारातली दोनशे काडतुसं उडवली, एकही अडकलं नाही. पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) फुल-लेंग्थ डायमधून काढतो, म्हणजे दाबून पुन्हा मापावर आणतो. चेंबर गेज (चेंबरच्या मापाचा साचा) आहे, प्रत्येक पुंगळी त्यात टाकून बघतो आणि सगळ्या ‘गो’ आहेत. मापं बरोबर असताना जॉब बसत नाही हे माझ्या डोक्यात जात नाही.

टेक्सासचे तात्या

दस्ता आपटणं हा उपाय चालतो, पण काही गोष्टी ध्यानात ठेवा. तुमचा दस्ता मागे-पुढे सरकणारा असेल तर आधी तो पूर्ण आत ढकलून घ्या. बाहेर ठेवून आपटलात तर आतली पिन नाहीतर खाच तुटते. माझी तुटली आहे. नळीच्या तोंडावर किंवा काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीवर कुणाचाही चेहरा नको, हात नको. आणि जिवंत काडतूस अडकलं असेल तर नळीच्या तोंडातून सळई घालून ठोकायचं नाही, म्हणजे नाहीच. सळईचा उपाय फक्त उडालेल्या रिकाम्या पुंगळीसाठी. दोन-तीन दणक्यांत सुटलं नाही तर गन्समिथकडे न्या. नेण्याआधी फोन करून सांगा की आत जिवंत आहे, नाहीतर दारातच ओरडा बसतो.

प्रायमरवरच्या खड्ड्याने घाबरू नका. या रायफलीत फायरिंग पिनला मागे धरणारी स्प्रिंग नसते, ती मोकळी असते. बोल्ट बंद होताना ती जडत्वाने पुढे येऊन प्रायमरला टेकते आणि बारीक ठिपका उमटतो. बाजारातल्या काडतुसावरही दिसेल. पण तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये घालायचं नाही.

सुभेदार (नि.), सातारा

मी अडाणी माणूस, घरी काडतूस भरतात हे इथेच वाचलं. आम्हाला पेटी मोजून मिळायची आणि खोके, म्हणजे उडालेल्या रिकाम्या पुंगळ्या, मोजून परत करायचे. एक खोका कमी भरला तर अख्खी प्लाटून रेंजवर गवत चाळत बसायची.

पण अडकण्याबद्दल सांगतो. आम्ही ७.६२ एसएलआर रायफलीवर शिकलो, नंतर इन्सास रायफल आली. बेळगावला उस्ताद पहिला प्रश्न विचारायचे, “अंदर जिंदा है या खाली खोका?” उत्तर कळल्याशिवाय हात लावायचा नाही. कारण दोन्ही रोगांची मुळं वेगळी. खाली खोका अडकला तर चेंबर घाण आहे, गंजलंय, नाहीतर एक्स्ट्रॅक्टरने कड सोडली. गोळी सुटली की तिच्यामागचा गॅस बोल्टला मागे ढकलतो. एसएलआरला गॅस रेग्युलेटर असतो, तो चुकीचा लागला की बोल्टला मागे यायला जोर पुरत नाही. पण जिंदा राउंड अडकला तर त्यात गॅसचा संबंधच नाही, गोळी सुटलेलीच नाही. एक तर चेंबरमध्ये काहीतरी आहे, नाहीतर राउंडच जाडा आहे.

राजस्थानात वाळूचे दिवस होते. एका जवानाची रायफल रोज चकाचक. नळीतून बघितलं तर आरसा. तरी अडकायची. उस्तादांनी करंगळीला चिंदी गुंडाळून चेंबरमध्ये फिरवली, तर काळं कडं निघालं. पोरगा पुल-थ्रू (नळी पुसायची चिंदी बांधलेली दोरी) ओढायचा तो नळीच्या मापाचा. चेंबर नळीपेक्षा रुंद, त्यामुळे त्याच्या भिंतीला चिंदी लागतच नव्हती. साफसफाई बघणारा साहेब नळीतून बघतो, चेंबरला कोण विचारतो?

साहेब, तुमच्या चेंबरला शेवटचा ब्रश कधी लागला?

टूलरूमवाला

सुभेदार काका, खरं सांगतो, नळीचाच ब्रश फिरवत होतो. काल दोन मापांचा चेंबर ब्रश आणला: पुढे बारीक, मागे लग्जच्या (बोल्टचे अडकणारे दात) जागेसाठी जाड. काळं निघालं, बरंच निघालं. मग कोरड्या फडक्याने पुसून घेतलं. आज वीस उडवली, एक अडकलंच. म्हणजे कडं होतं, पण मुख्य रोग तो नव्हता.

इतिहासातला उंदीर

थोडं विषयांतर. चेंबरची हयगय किती महागात पडते याचं ठळक उदाहरण याच रायफलीच्या थोरल्या बहिणीचं आहे. १९६६-६७ मध्ये व्हिएतनाममध्ये एम-१६ मोठ्या संख्येने सैनिकांच्या हाती गेली, तेव्हा ‘हिला साफ करावं लागत नाही’ अशी समजूत पसरली होती. सफाईचं साहित्य पुरेसं पोचलं नव्हतं. काडतुसातली दारूही बदलली होती. चेंबरला क्रोम नव्हतं, दमट हवेत त्याला खड्डे पडायचे आणि उडालेली पुंगळी आत चिकटून बसायची. गोळीबार चालू असताना सैनिक नळीत सळई घालून पुंगळ्या ठोकून काढत. काहींनी सळई रायफलीलाच चिकटपट्टीने बांधून ठेवली होती. अमेरिकी काँग्रेसच्या आयकोर्ड समितीने १९६७ मध्ये या सगळ्याची चौकशी केली. पुढे क्रोमचा चेंबर आला, सफाईचे संच आले, आणि त्याच बंदुकीचं नाव सुधारलं.

पण काकांनी म्हटलं तसं तो खाली खोक्याचा रोग होता. टूलरूमवाल्यांचा वेगळा दिसतोय.

फिनिक्सची माई

मी नऊ वर्षं घरी भरते आहे, स्पर्धेसाठी. तुमच्या पहिल्याच पोस्टमधल्या एका वाक्यावर अडले. “प्रत्येक पुंगळी गेजमध्ये टाकून बघतो.” पुंगळी की काडतूस? म्हणजे डायमधून निघालेली रिकामी पुंगळी तपासता, की गोळी बसवून क्रिम्प केल्यानंतर (पुंगळीचं तोंड गोळीवर दाबल्यानंतर) पुन्हा तपासता?

रिकामी तपासत असाल तर तुम्ही इन-प्रोसेस इन्स्पेक्शन केलंत आणि फायनल इन्स्पेक्शन सोडलंत. तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगते.

मला संशय क्रिम्पचा आहे. गोळी बसवणारी डाय मानेच्या तोंडाला आत दुमडते ना, ती सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीच्या आहेत असं धरून लावलेली असते. .२२३च्या पुंगळीची कमाल लांबी ४४.७० मिमी, आणि आपण कापतो ४४.४५ला. लांब पुंगळी आली की तिचं तोंड डायला आधी टेकतं, दाब मानेवरून खाली उतरतो आणि खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग) किंचित फुगतो. डोळ्याला काही दिसत नाही. प्रेसच्या दांडीलाही फारसं जाणवत नाही.

आता सेमी-ऑटोची गंमत बघा. बोल्ट-अ‍ॅक्शन असती तर हाताने बोल्ट फिरवताना लगेच जड लागलं असतं आणि तुम्ही थांबला असतात. इथे तुमचा हात नाही, बफरची स्प्रिंग आहे. ती पूर्ण जोराने बोल्ट पुढे फेकते आणि फुगलेलं काडतूस पाचरीसारखं चेंबरमध्ये ठोकून बसवते. बोल्ट जेमतेम फिरतो किंवा अर्धाच फिरतो. अर्धा फिरला तर पिन पुढे जात नाही, म्हणून तुमचा घोडा ‘काहीच नाही’ म्हणाला. ते नशीबच समजा. बाहेर काढायची वेळ आली की तुमच्या दोन हातांचं बळ त्या पाचरीपुढे कमी पडतं.

खात्री करायची सोपी रीत: राहिलेली सगळी काडतुसं गेजमध्ये टाका, तीही बोटाने न दाबता, स्वतःच्या वजनाने पडली पाहिजेत. जी पडणार नाहीत ती काळ्या मार्करने रंगवा, सुकू द्या, पुन्हा हलकेच टाका आणि काढा. रंग कुठे घासला ते बघा. रायफलमध्ये करू नका, गेजमध्येच.

आणि हो, पुंगळ्या कुठून आणल्या?

संपादक

भारतातल्या वाचकांसाठी: शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. हा धागा जिथे ते कायदेशीर आहे तिथल्या नेमबाजांचा आहे. दारूची मापं इथे कुणी विचारू नयेत, ती उत्पादकाच्या पुस्तकातूनच घ्यावीत.

टूलरूमवाला

माई, तुमचे पाय कुठे आहेत?

तपासत होतो रिकामीच पुंगळी. बारा वर्षं पोरांना ओरडलो की शेवटच्या ऑपरेशननंतर माप घ्या, आणि स्वतः तेच केलं नाही.

शनिवारी रात्री राहिलेली काडतुसं टेबलावर मांडली. आधीची वीस उडवून एकशेवीस उरली होती. एकेक गेजमध्ये सोडलं. बरोबर असलेलं ‘टक्’ करून खाली बसतं, तो आवाज आता कानात बसलाय. सात काडतुसं बसली नाहीत, वर नखभर तरंगत राहिली. मार्कर लावून बघितलं तर रंग खांद्याच्या कडेला गोल घासलेला, चंद्रकोरीसारखा नाही, पूर्ण कडं. मागे, बुडाशी रंग शाबूत. म्हणजे डाय पुंगळी नीट दाबते आहे, बुडाची काही तक्रार नाही. खांद्याखाली मायक्रोमीटर लावला तर चांगल्यापेक्षा ०.०५ ते ०.०६ मिमी जास्त. टूलरूममध्ये एवढ्यावर जॉब फेकतात आणि मी तो रायफलीत घालत होतो.

मग ठोकून गोळी काढायचा तो प्लॅस्टिकचा हातोडा असतो, त्याने सातही उघडली आणि पुंगळीची लांबी मोजली. सगळ्यात लहान ४४.७४, सगळ्यात मोठी ४४.८८. बसणाऱ्यांमधली दहा उघडून बघितली तर ४४.४३ ते ४४.४८.

आता पुंगळ्यांचं. दीडशे मी स्वतः कापल्या होत्या. उरलेल्या पन्नास एका मित्राने कॉफीच्या डब्यात आणून दिल्या, “कापलेल्या आहेत” म्हणाला. त्याने कापल्या होत्या खऱ्या, पण त्यानंतर दोनदा उडवल्या होत्या. प्रत्येक वेळी उडवून डायमधून काढली की पितळ पुढे सरकतं आणि पुंगळी वाढते, हे मी वाचलं होतं. डब्यातल्या सगळ्याच वाढलेल्या नव्हत्या, म्हणून अडकणं दर विसात एखादंच होत होतं आणि मी एक्स्ट्रॅक्टर बदलत बसलो होतो.

केलं ते असं: सगळ्या पुंगळ्या डायमधून काढल्यावर कापल्या. डाय अर्धा फेरा वर घेतली आणि बसवणं आणि क्रिम्प दोन वेगळ्या ऑपरेशनमध्ये केलं. चेंबर ब्रशने घासून कोरडा ठेवला. तेल लावून ठेवायचा मोह होत होता, पण चेंबरला तेल राहिलं तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर मार जास्त येतो, म्हणून पुसून टाकलं. आणि प्रत्येक भरलेलं काडतूस शेवटी गेजमध्ये. आज ऐंशी उडवली, बाहेर उणे सहा, हातमोज्यातली बोटं सुन्न. एकही अडकलं नाही.

मित्राला डबा परत दिला.

सुभेदार (नि.), सातारा

शाब्बास. आमच्या उस्तादांच्या भाषेत, राउंड जाडा निघाला. त्या सात खोक्यांचं काय केलंत? पुन्हा वापरू नका.

टूलरूमवाला

नाही काका. टूलरूमची सवय, लाल रंग लावून वेगळ्या डबीत ठेवल्यात. डबीवर ‘रिजेक्ट’ लिहिलंय. बायको विचारत होती, हे दागिने कुणाचे.